धसकी भेकर नापास कशी झाली

एका जंगलात एक तळं होतं. तळ्याकाठी हिरवंगार कुरण होतं आणि त्या कुरणावर एका वाघाची सत्ता होती.

मुलांनो, नीट मांडी घालून बसा. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलं मागे जाऊन बसली आहेत, त्यांनीही पुढे या. फोन पालथे ठेवा. ही गोष्ट तुमच्या ऑफिसची नाही, उगाच एकमेकांकडे बघून हसू नका. तुमच्या ऑफिसात गवत कुठे आहे?

तर त्या कुरणात जे जे चरायचे, ते सगळे वाघाचे कर्मचारी. चितळं, सांबरं, रानडुकरं, भेकरं. काम अगदी सोपं होतं. गवत खायचं, तळ्याचं पाणी प्यायचं आणि अंगावर मांस धरायचं. साहेबांना निकाल मांसातच लागे.

साहेब मधून मधून फेरीला येत. येताना मोठी डरकाळी फोडत. डरकाळी ऐकली की सगळे शेपट्या वर करून पळत. जो मागे राहायचा तो राहायचा. त्याच्याबद्दल दुसऱ्या दिवशी कुणी बोलत नसे, आणि साहेबांबद्दलही कुणाच्या मनात अढी नसे. साहेबांचं काम खायचं, आपलं काम पळायचं. दोन्ही बाजू आपापलं काम चोख करत होत्या.

या कुरणात धसकी नावाचं एक भेकर होतं. धसकी चणीने लहान, रंगाने तांबूस आणि स्वभावाने महाघाबरट. तिच्या घराण्यात ओरडायची परंपरा होती. दूरवर पान हललं, वारा फिरला, बुलबुल जरा वेगळ्या सुरात बोलला, की धसकी मान ताठ करून ओरडायची, "भ्यॉक!" डरकाळी फुटण्याआधीच तिचं भ्यॉक व्हायचं. निम्म्याहून जास्त वेळा वाघ नसायचाच. तिथे उंदीर असायचा. चितळं तिला शिव्या घालायची, पण आधी पळायची आणि मग शिव्या घालायची.

धसकीला एक पाडस होतं. अंगावर पांढरे ठिपके, म्हणून त्याचं नाव ठिपका. ते अजून दूध पीत होतं. उन्हाळा तोंडावर आला होता. जंगलातले ओढे आटले होते, पाणी उरलं होतं ते फक्त साहेबांच्या तळ्यात. तेव्हा धसकीला जगात एकच गोष्ट हवी होती. ठिपका मोठा होईपर्यंत आपली कुरणातली जागा जाऊ नये.

आता झालं काय, की वाघाचं वय झालं. पूर्वी डरकाळी फोडून चार ढांगांत शिकार गाठणारा वाघ आता दहा ढांगांत धापा टाकू लागला. फेरीवर फेरी फुकट जाऊ लागली. कुणी दुसरा असता तर म्हणाला असता, माझे गुडघे गेले. पण तो साहेब होता. त्याने एका सकाळी तरसाला बोलावून घेतलं.

तरस हा कर्मचारी विभागाचा प्रमुख. त्याला सगळे तरसराव म्हणत. साहेबांचं जेवण झालं की ताटात उरेल ते तरसरावांचं. त्यामुळे साहेब उपाशी म्हणजे तरसरावही उपाशी. पण ते कायम हसत असत. उपाशीपोटीही हसत. अशा माणसाला, आपलं, अशा तरसाला कर्मचारी विभागात घेतात हे तुम्हाला माहीतच असेल.

"तरसराव," वाघ म्हणाला, "मी आलो की सगळे उठून जातात. कुणी दोन मिनिटं थांबत नाही. माझ्यावर कुणाचा विश्वासच नाही हो." आणि खरं सांगतो मुलांनो, त्याचा आवाज भरून आला होता.

"साहेब, हा भावनिक प्रश्न आहे," तरसराव हसत म्हणाले. "यासाठी बाहेरून कुणाला तरी आणावं लागेल."

मग तरसराव शहराच्या वेशीपर्यंत गेले आणि तिथून एका साळुंकीला घेऊन आले.

ही साळुंकी साधीसुधी नव्हती. एका मोठ्या हॉटेलात साहेबलोकांच्या प्रशिक्षणाचा हॉल होता, त्या हॉलच्या एसीच्या खोक्यावर तिचं घरटं होतं. वर्षानुवर्षं तिने आतली भाषणं ऐकली होती आणि मधल्या सुट्टीतली बिस्किटं खाल्ली होती. भाषणं तिला तोंडपाठ होती. ती कशासाठी करतात हे तिने कधी विचारलं नव्हतं, पण तसं ते हॉलमधल्यांनीही विचारलं नव्हतं.

साळुंकीबाईंनी कुरणावर एक फेरी मारली, मोहाच्या फांदीवर बसल्या आणि म्हणाल्या, "इथे सगळ्यांचा भावनांक फार कमी आहे. बुद्धी आहे, पण भावनिक बुद्धी नाही. आधी मोजू, मग वाढवू."

"गवताने वाढते का ती?" एका रानडुकराने विचारलं. त्याचं नाव साळुंकीबाईंनी लक्षात ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी चाचणी झाली. एकेकाला मोहाखाली उभं करून साळुंकीबाई प्रश्न विचारत होत्या. बाजूला तरसराव पळसाच्या फुलांचा ढीग घेऊन बसले होते. पास होईल त्याच्या कानामागे एक फूल खोचायचं, असं ठरलं होतं. पळसाचं फूल भडक केशरी. लांबून सुद्धा उठून दिसतं.

धसकीचा नंबर आला. ठिपका तिच्या पोटाखाली उभा राहिला.

"धसकीताई, समजा तुमच्या मागच्या झुडपात पान हललं," साळुंकीबाई गोड आवाजात म्हणाल्या. "तर तुम्ही काय कराल? पळाल, ओरडाल, की पान का हललं असेल याचा पानाच्या बाजूने विचार कराल?"

"पहिली दोन्ही," धसकी म्हणाली.

"एकच सांगायचं असतं."

"मग ओरडत पळेन."

साळुंकीबाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांना वाईट वाटलं की त्या असं करत. "बरं. सहकाऱ्याच्या पाठीवर साहेबांचा पंजा पडला आहे. त्या क्षणी साहेबांना काय वाटत असेल?"

"भूक," धसकी म्हणाली.

तेवढ्यात ठरल्याप्रमाणे तरसरावांनी मागच्या करवंदीच्या जाळीत जाऊन ती जोरात हलवली. धसकी "भ्यॉक!" करून ठिपक्यासकट थेट तळ्यापलीकडे गेली. तिच्यामागे चाचणीसाठी रांगेत उभे असलेले सगळेच गेले. त्या दिवशीची चाचणी तिथेच संपली.

निकाल लागला तेव्हा धसकीचा नंबर शेवटून पहिला होता. पहिले आले तरसराव. कोणत्याही प्रसंगी त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हललं नव्हतं.

आणि कर्मचाऱ्यांमध्ये पहिले आले शिंगाडेकाका. हे एक म्हातारं सांबर होतं. शिंगं झाडाएवढी आणि स्वभाव गाईसारखा. धसकीची आई वारली तेव्हापासून काकांनीच तिला आडोसा दिला होता. थंडीत ती त्यांच्या पाठीला पाठ लावून झोपत असे. काकांच्या कानामागे फूल खोचलं गेलं तेव्हा ते लाजले.

"काका, हे फूल काढून टाका," धसकी म्हणाली. "वाऱ्यावर हलतंय. मला मेलीला सारखं वाटतं कुणीतरी आलं."

"राहू दे गं पोरी," काका म्हणाले. "एवढं आयुष्य गेलं, कधी कुणी फूल दिलं नाही."

मग विकासवर्ग सुरू झाले. नापास झालेल्यांनी रोज सकाळी मोहाखाली जमायचं, डोळे मिटायचे आणि श्वास आत घ्यायचा. भेकराने डोळे मिटणं म्हणजे काय, हे तुम्हाला कळणार नाही. धसकी एक डोळा मिटायची. साळुंकीबाई त्या बाजूला आल्या की दुसरा मिटायची आणि पहिला उघडायची.

"आता आपल्या भीतीला नाव द्या," साळुंकीबाई म्हणाल्या.

"तिला नाव आहे," धसकी म्हणाली. "वाघ."

"नाही हो ताई. वाघ ही बाहेरची गोष्ट झाली. आत काय होतंय ते सांगा."

"आत पळावंसं वाटतंय."

"छान! आता त्या वाटण्याकडे नुसतं बघा. त्याच्यावर काही करू नका."

"नुसतं बघितलं तर पोहोचतील की हो साहेब."

वर्गात कुणीतरी खुसखुसलं. साळुंकीबाईंना मात्र राग आला नाही. त्यांना राग येतच नसे, त्यांना काळजी वाटत असे. त्यांनी ती काळजी तरसरावांच्या कानावर घातली.

पण मुलांनो, एक गोष्ट मान्य करायला हवी. सगळ्यात मन लावून शिकला तो वाघ. त्याचा वर्ग वेगळा, तळ्याकाठच्या जांभळाखाली. त्याने डरकाळी सोडली. हळू आवाजात बोलायला शिकला. समोरच्याला नावाने हाक मारायची, 'तुम्ही' म्हणायचं, डोळ्यांत बघायचं, मधे तोंड घालायचं नाही, आणि त्याचं बोलून झालं की "म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का" असं विचारायचं. वाघाने हे सगळं घोटून घोटून पाठ केलं. काही दिवसांनी तर ते पाठ केलेलंही राहिलं नाही, त्याला आतूनच यायला लागलं. कुणी आपलं दुःख सांगितलं की त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं. तो ढोंगी नव्हता. तो ढोंगी असता तर ही गोष्ट फार लवकर संपली असती.

आणि मग 'मोकळा संवाद' सुरू झाला. बांबूच्या बेटात एक शांत, सावलीची जागा होती. साहेब तिथे बसत आणि फूलवाल्या एकेका कर्मचाऱ्याला भेटायला बोलावत. पहिला मान अर्थातच शिंगाडेकाकांचा.

"काका, जाऊ नका," धसकी म्हणाली.

"अगं, साहेब आता बदललेत. परवा मला 'अहो शिंगाडे' म्हणाले. आजवर नुसतं 'ए' ऐकलंय मी."

काका आत गेले. धसकी बाहेर घाणेरीच्या झुडपाआड उभी राहिली. आतून काकांचा आवाज येत होता. चाटायची खारी माती फार लांब आहे, चालवत नाही, असं ते सांगत होते. पावसाळ्यात खुर दुखतात. तरुण सांबरं आता मान देत नाहीत. काका इतकं बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं. साहेब एक शब्दही मधे बोलले नाहीत.

मग साहेबांचा हळुवार आवाज आला. "म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का, की तुम्ही थकलात?"

"हो साहेब," काका म्हणाले. "अगदी बरोबर ओळखलंत."

त्यानंतर बेटात काहीच ऐकू आलं नाही. धावपळ नाही, झटापट नाही. थोड्या वेळाने साहेब डोळे पुसत बाहेर आले. मग त्यांनी तोंडही पुसलं.

धसकी ओरडली. तिला ओरडल्याशिवाय राहवेना. "भ्यॉक! भ्यॉक!" ती वेड्यासारखी ओरडत राहिली. पण कुणी पळालं नाही. कुरणातले सगळे वर्गाला बसले होते, आणि ते आपल्या पळण्याच्या इच्छेकडे नुसते बघत होते.

संध्याकाळी तरसरावांनी जाहीर केलं, "आपले लाडके शिंगाडेकाका पुढच्या संधीकडे गेले आहेत. त्यांच्या वाटचालीला शुभेच्छा." त्यांच्या मिशीला काहीतरी चिकटलं होतं. सगळ्यांनी खुर आपटून टाळ्या वाजवल्या.

"पण त्यांना खाल्लं!" धसकी म्हणाली.

"अहो, पण ऐकून घेतलं ना आधी?" एक चितळीण म्हणाली. तिच्या कानामागे ताजं फूल होतं. "माझ्या सासऱ्यांना खाल्लं तेव्हा साधं नावसुद्धा विचारलं नव्हतं."

त्या रानडुकरालाही लवकरच बोलावणं आलं. गवताने बुद्धी वाढते का असं विचारणारं तेच. पुढचं तुम्हाला सांगायला नको.

मग तरसराव धसकीकडे आले. साळुंकीबाई त्यांच्या पाठीवर बसून आल्या होत्या.

"धसकीबाई, तुमच्यामुळे वातावरण बिघडतं," तरसराव हसत म्हणाले. "तरी साहेबांनी तुम्हाला शेवटची संधी दिली आहे. उद्या मोकळा संवाद. शेपटी खाली, डोळे शांत आणि आवाज बंद. पास झालात तर कुरण तुमचंच. ओरडलात तर त्या बोडक्या टेकडीवर जायचं. कुटुंबासकट."

धसकीने टेकडीकडे पाहिलं. तिथे खडक होते आणि वाळलेली कुसळं. तळं नव्हतं. ठिपका तिच्या पोटाशी दूध पीत होता, आणि पाणी नसेल तर दूध येत नाही हे प्रत्येक आईला कळतं.

म्हणून तिने ठरवलं की आपण पास व्हायचं. मुलांनो, तिला हसू नका. तुमच्या घरी दूध पिणारं कुणी असेल तर तुम्हीही हेच ठरवलं असतंत. ती दुपारभर श्वास घेत बसली. भीती आली की म्हणायची, ये बाई, बस. भीती बसायची. शेपटी वर यायला लागली की धसकी ती मागच्या पायांत दाबून धरायची. संध्याकाळपर्यंत तिला बऱ्यापैकी जमायला लागलं.

दुसऱ्या दिवशी ती बांबूच्या बेटात गेली. ठिपका बरोबर होता. त्याला कुणाजवळ ठेवणार? ज्यांच्याजवळ ठेवायची ते काका राहिले नव्हते.

साहेब सावलीत पंजे पुढे करून बसले होते. "या, धसकीताई," ते म्हणाले. "दमलेल्या दिसता. तुमच्या मनात काय आहे?"

हा प्रश्न तिला जन्मात कुणी विचारला नव्हता.

"भीती आहे साहेब," ती म्हणाली. "लहानपणापासून आहे. मी ठिपक्याएवढी होते. आई माझ्यासमोर पाणी पीत होती. मला पान हललेलं दिसलं होतं, पण मी ओरडले नाही. मला वाटलं, आईला दिसलं असेल. तेव्हापासून मी सारखी ओरडते. उंदीर असला तरी ओरडते."

साहेबांचे पिवळे डोळे हळूहळू भरून आले. "तळ्याच्या दक्षिणेला," ते म्हणाले. "अर्जुनाच्या झाडाखाली. कानाला एक खाच होती तिच्या."

"हो," धसकी म्हणाली.

"तो मी होतो, धसकीताई. मला माफ करा. त्या वेळी मला कुणी शिकवलं नव्हतं."

धसकी रडायला लागली. साहेबही रडायला लागले. बाहेर कान लावून बसलेल्या साळुंकीबाईंनीही पिसात डोळे पुसले. धसकीच्या पाठीवरून आयुष्यभराचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. कुणी दाबून न धरता तिची शेपटी आपोआप खाली गेली. ती पास झाली होती.

तरसराव फूल घेऊन पुढे आले.

आईची शेपटी खाली गेलेली पाहून ठिपक्यालाही धीर आला. त्याने आजवर ती खाली पाहिलीच नव्हती. ते पाडस पोटाखालून बाहेर आलं आणि साहेबांच्या ओल्या गालाचा वास घ्यायला एक पाऊल पुढे गेलं.

साहेबांनी मान अजिबात हलवली नाही. त्यांचे डोळे धसकीकडेच होते, ओले आणि प्रेमळ. रडता रडता धसकीने नजर खाली घेतली. आणि तिला साहेबांचे मागचे पाय दिसले. झेपेआधी येतात तसे ते हळूच पोटाखाली जवळ येत होते. डोळ्यांना तिचं दुःख कळलं होतं. मागच्या पायांना वर्गात कुणी बसवलंच नव्हतं.

"भ्यॉक!"

असं भ्यॉक त्या जंगलात पूर्वी कधी झालं नव्हतं. बांबू थरथरले. साळुंकीबाई फांदीवरून पडल्या. ठिपका दचकून बाजूला उडाला, आणि साहेबांचा पंजा तो जिथे होता तिथल्या पाचोळ्यावर पडला. आई पुढे आणि पाडस मागे, दोघं बेटातून जी सुटली ती बोडक्या टेकडीवर जाऊनच थांबली.

खाली साहेब पाचोळ्यात पंजा रुतवून बसले होते. त्यांना अपमान झाल्यासारखं वाटत होतं.

"ऐन शेवटच्या क्षणी," साळुंकीबाई धूळ झटकत म्हणाल्या. "किती प्रगती केली होती हो बाईंनी!" आणि त्यांनी धसकीला नापास केलं.

टेकडीवरचे दिवस वाईट गेले. एका खडकाच्या कपारीत घोटभर पाणी झिरपायचं, ते धसकी आधी ठिपक्याला द्यायची आणि मग दगड चाटायची. तिच्या बरगड्या दिसू लागल्या. पण तिथून सगळं कुरण दिसायचं. केशरी फुलं दिसायची. साहेब निघाले की ती वरून ओरडायची, "भ्यॉक! पळा गं बायांनो, पळा!" खालून चितळं वर बघायची आणि मान हलवायची.

"अजून तिची नकारात्मकता जात नाही," ती एकमेकांना म्हणायची.

रोज एक फूल कमी व्हायचं. कधी दोन.

मधे कुरणाला बक्षीसही मिळालं. आजूबाजूच्या जंगलांतल्या तरसांनी मिळून एक मंडळ काढलं होतं, त्यांनी 'सर्वात आनंदी कुरण' म्हणून तरसरावांना एक मोठं शिंग दिलं. तरसरावांनी भाषण केलं. म्हणाले, आमच्याकडे वर्षभरात एकाही कर्मचाऱ्याची तक्रार नाही. आमच्याकडून गेलेला एकही जण दुसऱ्या कुरणात नोकरीला गेलेला नाही. दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या होत्या. ते शिंग धसकीने टेकडीवरूनही ओळखलं. झाडाएवढं होतं.

शेवटी कुरणात नुसतं गवत उरलं. कमरेएवढं वाढलं, पण ते खाणारं कुणी नव्हतं. साहेबांनी काही दिवस तळ्यात स्वतःकडे बघत काढले. मग एका सकाळी त्यांनी हळू आवाजात हाक मारली.

"तरसराव, जरा बांबूत येता का? तुमच्याशी मोकळं बोलायचं होतं."

तरसराव हसत आले. आत गेले तेव्हाही हसतच होते. "साहेब, मी तर आपलाच," ते म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का," साहेबांनी त्यांच्या डोळ्यांत बघत विचारलं, "की तुम्हाला भीती वाटतेय?"

तरसरावांना पळता आलं असतं. पण पळायचं कसं, हे कर्मचारी विभागात कधी लागतच नाही. साहेब नंतर त्यांच्यासाठीही रडले.

साळुंकीबाई उडू शकत असल्यामुळे वाचल्या. त्या पलीकडच्या जंगलात गेल्या. तिथे एक बिबट्या नव्याने साहेब झाला होता, आणि आल्या आल्या बाईंनी त्याला या कुरणाला मिळालेल्या बक्षिसाची गोष्ट सांगितली.

मग एका दुपारी साहेब टेकडीच्या पायथ्याशी आले. ते खूप वाळले होते. खडकाला टेकून बसले आणि वर बघू लागले. वर धसकी उभी होती. तिच्या शेजारी ठिपका. त्याच्या अंगावरचे ठिपके आता पुसट झाले होते, पाय लांब झाले होते.

"धसकीताई," साहेब म्हणाले, "मी फार एकटा पडलोय. मला आता प्रत्येकाचं दुःख समजतं. कुणी सांगायला उरलं नाही. तुम्ही थोडा वेळ खाली येऊन बसाल का? बोलू नका हवं तर. नुसत्या बसा."

वारा पडला होता. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते खरं होतं. धसकीने त्यांच्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं. आपल्या आईला खाणारा, आपल्या काकांना खाणारा तो म्हातारा, भुकेलेला, कुणी कुणी नसलेला वाघ पाहून तिचेही डोळे भरून आले.

"साहेब, तुमचं दुःख मला कळतंय," ती म्हणाली. "अगदी आतून कळतंय."

"मग येता?"

"भ्यॉक!" धसकी म्हणाली, आणि ठिपक्याला घेऊन टेकडीच्या पलीकडच्या बाजूने पळत सुटली. खूप लांब गेल्यावर दोघं थांबली. ठिपक्याला धाप लागली होती.

"आई," त्याने विचारलं, "ते खरंच रडत होते का गं?"

"हो रे बाळा. अगदी खरंच."

"मग आपण का पळालो?"

"त्यांना भूकही खरंच लागली होती," धसकी म्हणाली, आणि त्याच्या अंगावरची कुसळं चाटून काढू लागली.

तात्पर्य : जो आपल्या भीतीवर विजय मिळवतो, तो शांत मनाने वाघाच्या पोटात जातो. म्हणून मुलांनो, साहेबांनी विचारलं तर मन जरूर मोकळं करावं, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तर आपणही रडावं, फक्त रडताना नजर त्यांच्या मागच्या पायांवर ठेवावी. अशाने चाचणीत शेवटचा नंबर येतो. येऊ द्यावा. पहिले आलेले कसे आहेत हे विचारायला मी त्या कुरणात जाऊन आलो. तिथे गवत फार छान वाढलं आहे.